परका कोण आणि देणें कोणाचें?

रोज सकाळीं, बाजारपेठेंतील दुकानें उघडण्यापूर्वीं, पनवेलच्या मजूर नाक्यावर जी गर्दी जमते ती आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिली असेल. कोणाच्या हातांत थापी व ओळंबा, कोणाच्या हातांत रंगाचा ब्रश, पिशवींत भाकरीचा डबा, आणि सर्वांचे डोळे रस्त्याकडे. कोणी मराठवाड्यांतला, कोणी बिहार-उत्तर प्रदेशांतला, कोणी आपल्याच तालुक्यांतील डोंगराखालच्या वाडीवरचा कातकरी. मुकादम येतो, भाव ठरतो, चौघे टेंपोंत चढतात आणि उरलेले उन्हांत उभे राहतात. यांचें नांव काय, गांव कोणतें, हें विचारण्याची गरज नेणाऱ्यालाहि वाटत नाहीं व पाहणाऱ्यालाहि वाटत नाहीं. आज आम्हांस इतकेंच विचारावयाचें आहे कीं, ज्यांच्या हातांनीं हें शहर उभें राहिलें, त्यांचें हें शहर कांहीं देणें लागतें कीं नाहीं? आणि लागत असल्यास तें दान कीं ऋण? आमच्या व्यापारी वाचकांना या दोहोंतील फरक शिकवावयास नको. दान न दिल्यास पुण्य बुडतें. ऋण बुडविल्यास पत जाते.

२०२० सालची आठवण अजून शिळी झालेली नाहीं. २५ मार्चपासून देशांत टाळेबंदी झाली. मजुरांसाठीं आगगाड्या सुटूं लागल्या त्या १ मेपासून. त्यांतील कांहीं पनवेल स्थानकावरूनहि सुटल्या. या शहरांतील अनेक गृहस्थांनीं व संस्थांनीं त्या दिवसांत अन्न शिजवून वाटलें, याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु त्याच मे महिन्याच्या ८ तारखेस, जालन्याहून भुसावळकडे पायीं निघालेले मध्य प्रदेशांतील १६ मजूर करमाडजवळ रुळांवर झोंपेंत असतां मालगाडीखालीं चिरडले गेले. त्याच वर्षीं सप्टेंबरांत केंद्र सरकारनें लोकसभेंत सांगितलें कीं, घरीं परततांना किती मजूर मेले याची माहिती सरकारजवळ नाहीं. वास्तविक, ठेकेदारानें परप्रांतांतून आणलेल्या प्रत्येक मजुराचा तपशील सरकारास कळवावा व त्याच्या हातीं छायाचित्रासह पासबुक द्यावें, असें १९७९ च्या कायद्यानेंच सांगितलें होतें. चाळीस वर्षें ज्यांचीं नांवें कोणीं लिहिलीं नाहींत, त्यांचीं प्रेतें तरी कोण मोजणार? ज्या शहराच्या वहींत मजुराचें नांवच नव्हतें, त्याला संकटकाळीं खिचडीचें पातेलें चढविण्यावांचून दुसरा उपाय सुचणें शक्य नव्हतें.

आम्ही कोंकणांतील माणसें एक गोष्ट फार लवकर विसरलों. परकेपणाचा धडा आम्हीं स्वतः गिरविलेला आहे. मुंबईच्या गिरण्या चालल्या त्या मुख्यतः रत्नागिरीकडील मजुरांच्या बळावर. बोटीनें मुंबई गांठावयाची, एका खोलींत दहा-पंधरा जणांनीं पाळीपाळीनें निजावयाचें, खाणावळींत जेवावयाचें आणि गांवीं मनिऑर्डर धाडावयाची, हा आमच्या आज्या-पणज्यांचा क्रम होता. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीनें १८९० सालीं रविवारची सुटी मिळेपर्यंत आठवड्याला विसाव्याचा एक दिवसहि त्यांच्या वांट्यास नव्हता. त्याहून दूर, मॉरिशसच्या ऊंसमळ्यांत १८३४ पासून करारानें बांधून नेलेल्या मजुरांत मराठी माणसेंहि होतीं. त्यांचे वंशज आजहि तेथें मराठी शिकतात. आज आमच्याच जिल्ह्यांतील तरुण आखाती देशांत जातात. तेथें मालकानें पासपोर्ट काढून घेतला, पगार अडविला, तर गांवभर हळहळ होते व खासदाराचे उंबरे झिजतात. ती हळहळ रास्त आहे. पण पासपोर्ट अडकविणारा तेथील मालक आणि आधार कार्ड ठेवून घेणारा येथील मुकादम, यांच्यांत आम्ही फरक कोणता करावा? आपल्या माणसासाठीं मागावयाचा न्याय दुसऱ्याच्या माणसास नाकारावयाचा, ही दोन मापें ठेवणाऱ्या दुकानदाराची रीत झाली.

याच कोंकणांत, गुहागर तालुक्यांतील कोतळूक येथें जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९१० सालीं नाताळ येथें करारबद्ध मजूर पाठविणें थांबवावें असा ठराव वरिष्ठ कायदे कौन्सिलांत मांडला व तो मान्य झाला. ही पद्धतच समूळ नाहींशी करावी असा ठराव त्यांनीं १९१२ सालीं आणला, तो सरकारनें फेटाळला. पुढें १९१७ सालीं भरती थांबली, तेव्हां तें पाहण्यास गोखले उरले नव्हते. नाताळांतील बहुतेक मजूर मद्रास इलाख्यांतले. गोखल्यांची भाषा त्यांना येत नव्हती, त्यांचीं मतें गोखल्यांना मिळावयाचीं नव्हतीं. तरी पण त्यांची बेअब्रू ती देशाची बेअब्रू, असें मानून ते झगडले. आमच्या समजुतीप्रमाणें राष्ट्राभिमान म्हणतात तो हाच.

यावर आक्षेप येईल तो आम्हांस ठाऊक आहे. "घरचें झालें थोडें आणि व्याह्यानें धाडलें घोडें! आमच्या जमिनी गेल्या, आमची मुलें बेकार, आणि तुम्ही परक्यांची तरफदारी करतां?" या आक्षेपामागचें दुःख खोटें नाहीं. सिडकोसाठीं या भागांतील शेतें गेलीं. १९८४ च्या जानेवारींत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यांत पांच शेतकरी पोलिसांच्या गोळीस बळी पडले, तेव्हां कोठें साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचें तत्त्व सरकारच्या गळीं उतरलें. पुढें विमानतळासाठीं दहा गांवें उठलीं, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं त्या विमानतळाचें उद्घाटन झालें. भूमिपुत्राचा त्यावरील हक्क पहिला, हें आम्ही निःशंकपणें म्हणतों. परंतु शेतकऱ्याची जमीन त्या बिहारी गवंड्यानें घेतली काय? गवंडी स्वतःच आपली जमीन सोडून, किंवा जमीनच नाहीं म्हणून, येथें आला आहे. स्थानिक तरुणास काम मिळत नाहीं याचें एक मोठें कारण असें कीं, परका मजूर कायद्याहून कमी दरांत मिळतो व तक्रार करीत नाहीं. त्याला पूर्ण वेतन व पूर्ण हक्क द्या, म्हणजे परका स्वस्त पडतो म्हणून आपला नको, हें ठेकेदाराचें गणितच मोडेल. अर्थात् परक्यास न्याय देण्यांत भूमिपुत्राचें हितच आहे.

दुसरा आक्षेप, "ते स्वखुषीनें येतात, स्वखुषीनें भाव ठरवितात." याचें उत्तर सर्वोच्च न्यायालयानें १९८२ सालींच देऊन ठेवलें आहे. दिल्लींतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यांत न्यायालयानें ठरविलें कीं, भुकेची सक्ती ही देखील सक्तीच होय, आणि किमान वेतनापेक्षां कमी पैशांत काम करून घेणें म्हणजे राज्यघटनेच्या २३ व्या कलमानें निषिद्ध ठरविलेली वेठ होय. आमच्यांतील किती प्रतिष्ठित गृहस्थ या व्याख्येप्रमाणें वेठ घेणारे ठरतील, याचा हिशेब ज्यानें त्यानें घरीं बसून करावा.

आणि परका म्हणजे केवळ परप्रांतीयच असतो असें नाहीं. पाऊस सरला कीं आमच्याच तालुक्यांतील व कर्जत-पेणकडील कातकरी कुटुंबें मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर जातात. अगोदर उचल घ्यावयाची, हंगामभर आठवड्याच्या खर्चीवर जगावयाचें, आणि शेवटीं हजार विटांमागें मजुरी धरून जो हिशेब होतो, त्यांत पुष्कळदां हातीं पैसा यावयाच्या ऐवजीं डोक्यावर बाकीच राहते. मग पुढच्या वर्षींहि तीच भट्टी. वेठबिगार नष्ट करणारा १९७६ चा कायदा स्पष्ट सांगतो कीं, असल्या बंधनाचें कर्ज कायद्यानें संपलेलें आहे. तरी तें दरसाल वसूल होतें! २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता अंमलांत आल्या. त्यांत स्वतःहून आलेला मजूरहि स्थलांतरित मानला, हें चांगलें झालें. पण आंतरराज्य मजुरांविषयींचीं कलमें दहा वा अधिक असे मजूर असतील तेथेंच लागूं केलीं, आणि जुन्या कायद्यांतील स्थलांतर भत्ता गाळला, हें वाईट झालें. शिवाय संहितेस राज्याची सीमा दिसते. जिल्ह्याची सीमा ओलांडून पोटासाठीं गेलेला कातकरी तिला स्थलांतरित म्हणून दिसत नाहीं.

कायदा सुधारण्याची मागणी आम्ही करूंच. परंतु जें करण्यास कोणत्याहि विधिमंडळाची गरज नाहीं, तें आमच्या वाचकांनीं या आठवड्यापासून करावें. घर बांधणाऱ्यानें मजुराचें नांव व रोजचा दर वहींत लिहावा. वर्षांतून नव्वद दिवस बांधकामावर राबल्याशिवाय मजुराची कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी होत नाहीं. त्या दिवसांचा दाखला मागावयास तो आला तर आढेवेढे न घेतां सही द्यावी. बांधकामावरील उपकर त्यासाठींच भरला जातो. तो पैसा ज्याचा त्याच्यापर्यंत पोंचूं द्यावा. भट्टीवाल्यानें दर आठवड्यास मोजणी दाखवून हिशेब द्यावा. शिधावाटप दुकानदारानें परराज्याची शिधापत्रिका पाहून तोंड फिरवूं नये. त्यावर येथें धान्य देय आहे. मुख्याध्यापकानें दाखला नाहीं म्हणून मूल परत पाठवूं नये. २००९ चा शिक्षणहक्क कायदा त्यास तसें करूं देत नाहीं. आणि महानगरपालिकेनें नाक्यावर सांवली, पिण्याचें पाणी व स्वच्छ शौचालय यांची नीट सोय ठेवावी. १८५२ सालीं ज्या गांवांत नगरपालिका निघाली, त्याला एवढें करणें जड जाऊं नये.

कर्तव्याची मर्यादा कोठवर, यावर पंडितांचे वाद पुष्कळ आहेत. व्यवहारी माणसास समजेल असें एक माप आम्ही सांगतों: जेथवर आमचा व्यवहार पोंचतो, तेथवर आमचें देणें पोंचतें. ज्याचा घाम आम्हीं विकत घेतला तो आमच्या खात्यांत आला. मग त्याची भाषा कोणती आणि गांव कोणतें, हा प्रश्न वसुलीच्या वेळीं काढणें सचोटीचें नव्हे. उद्यां सकाळीं नाक्यावरून जातांना आमच्या वाचकानें निदान एका माणसाचें नांव विचारावें. ऋणकोनें धनकोचें नांव माहीत करून घेणें, हा ऋण फेडण्याचा पहिला हप्ता होय.