मोकळे हात कोणाच्या कामाला?

या अंकाची तयारी चालू असताना मंडळाकडे एक प्रस्ताव आला. ऊसतोडीला जाणाऱ्या ज्या बायकांचे मूल तीन वर्षांच्या आतले आहे, त्यांना पाठीवर मूल बांधायच्या तयार झोळ्या फुकट द्यायच्या. पैसे एक देणगीदार संस्था देणार, वाटप आपण करायचे. शहरात बेबी कॅरिअर म्हणून विकतात त्याच या झोळ्या: कमरेला रुंद जाड पट्टा, दोन्ही खांद्यांवर गादीचे पट्टे, पुढे बकल. यावर दोन बैठका वाद झाला. काहीजणींचे म्हणणे, बाईचा भार थोडा तरी हलका होत असेल तर नाही कशाला म्हणायचे? काहीजणींना त्यात बाईला जास्त राबवण्याची सोय दिसली. असा प्रस्ताव उद्या तुमच्याकडेही येऊ शकतो, म्हणून मंडळाची भूमिका इथे मांडत आहोत.

आधी वस्तूबद्दल. वस्तू चांगली आहे, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. दीड वर्षाचे मूल नऊ-दहा किलोचे असते. ते कडेवर घेतले की बाई एका अंगाला कलते, एक हात अडकतो, आणि कंबर दुखते म्हटले तर "बायकांची कंबर दुखायचीच" असे उत्तर मिळते. जुन्या लुगड्याची झोळी गळ्यात अडकवली तर सगळे ओझे मानेवर आणि एका खांद्यावर येते. पट्ट्याच्या झोळीत ते कमरेच्या हाडांवर उतरते, पाठ ताठ राहते. मुलाच्या मांड्या फाकलेल्या आणि गुडघे बुडापेक्षा थोडे वर राहतात, हे त्याच्या खुब्याच्या सांध्यालाही मानवते. मूल आधाराशिवाय बसू लागले की पाठीवर घ्यावे आणि त्याचे नाक-तोंड उघडे राहील एवढे पाहावे. अंग बाहेर येणे, पाठ धरणे अशा दुखण्यांना आपल्या आरोग्य शिबिरांत बायका किती वर्षे तोंड फोडत आहेत! १९८९ साली डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीतला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तपासलेल्या बायकांपैकी ९२ टक्के बायकांना तपासणीत काही ना काही स्त्रीरोग आढळला. बाईच्या शरीरावर किती ओझे पडते हा प्रश्न ज्यांना महत्त्वाचा वाटतो, त्यांनी या झोळीला शहरी चोचला म्हणून झटकू नये.

शिवाय ती शहरी नाहीच. अमेरिकेतली अ‍ॅन मूर ही परिचारिका १९६०च्या दशकात आफ्रिकेतल्या टोगो देशात काम करत होती. तिथल्या बायका मूल पाठीला कापडाने बांधून कामे करतात हे तिने पाहिले. घरी परतल्यावर स्वतःच्या मुलीसाठी तिने आईच्या मदतीने तशी झोळी शिवून घेतली आणि १९६९ साली तिचे पेटंट झाले. चीनमध्ये चौकोनी कापडाला चार पट्टे लावून मूल पाठीवर बांधण्याची जुनी रीत आहे, तिच्या गाठींच्या जागी पुढे बकले आली. आपल्याकडच्या आदिवासी बायकाही पाठीला कापड बांधूनच मूल नेतात. ज्यांच्याकडे पाहून ही वस्तू सुचली त्या टोगोच्या बायकांची नावे मात्र पेटंटच्या कागदावर नाहीत.

एकाच कृतीला दोन नावे कशी पडतात पाहा. बांधकामावरच्या बाईने फाटक्या साडीने मूल पाठीशी बांधले की ती 'बिचारी'. शिकलेल्या आईने काही हजारांचे कॅरिअर लावले की ती 'जागरूक माता'. आणि चौकातल्या पुतळ्यात मूल पाठीशी असले की ते शौर्य! (झाशीच्या राणीचा दामोदरराव १८५८ साली आठ वर्षांचा होता. पण पुतळ्यांत तो बहुधा तान्हाच दिसतो, त्याशिवाय बघणाऱ्याला आई पुरती आई वाटत नसावी.)

खरा प्रश्न मोकळ्या झालेल्या हातांचा आहे. मूल पाठीवर गेले की जाहिरातीतली आई टेकडीवर फिरायला जाते. आपल्या ओळखीच्या घरांत ती कणीक मळते, भांडी घासते, धुणे वाळत घालते. हात मोकळे होतात ते कामासाठीच. झोळीचे पट्टे तर कोणाच्याही मापाला लहानमोठे होतात, तरी बापाच्या पाठीवर ती किती घरांत चढते, हे मध्यमवर्गीय मैत्रिणींनी आपापल्या घरी पाहावे.

आता उसाच्या फडात या. तिथे नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. उचल बहुतेक नवऱ्याच्या नावावर, बाईची मजुरी वेगळी मोजलीच जात नाही. ती दिवसभर वाकून ऊस तोडते, पाचट काढते, मोळी बांधते आणि ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते. सांगा, यात मूल पाठीवर कुठे बसणार? आई वाकली की ते डोके खाली होऊन लोंबणार, शेजारी कोयता चालतो आहे, पाचटाची पाती डोळ्यांशी आहेत, वर मोळी आहे. फडात पाठीवर मूल बांधणे हा धोका आहे. आजही ते तिथे नसते. ते बांधावर किंवा कोपीत असते आणि त्याला सांभाळते त्याची सात-आठ वर्षांची बहीण, जिची शाळा दिवाळीला सुटली ती सुटलीच.

म्हणजे वाटलेल्या झोळ्या शेवटी कोणाच्या पाठीवर चढतील? या पोरीच्या. आणि तिचे हात मोकळे झाले की त्या हातांत पाण्याची कळशी येईल. दुसऱ्या बैठकीत स्वतः बारा हंगाम ऊस तोडलेल्या एका कार्यकर्तीने हे सांगितले, तेव्हा वाद संपला.

मूल सांभाळणे ही कामाच्या जागेची जबाबदारी आहे, हे तत्त्व कायद्याने फार पूर्वीच मानले आहे. १९४८च्या कारखाना कायद्यात पाळणाघर होते. १९९६च्या बांधकाम मजूर कायद्यात होते. २००५च्या रोजगार हमी कायद्यात, कामावर सहा वर्षांखालची पाच मुले आली तर ती सांभाळायला एका बाईला मजुरी देऊन नेमावे असे होते. पण बरीच वर्षे बायकांची संख्या मोजून पाळणाघर ठरत असे, त्यामुळे बायकाच कमी नेमणे मालकाला सोयीचे पडे. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास कामगार, मग ते पुरुष असोत की बायका, अशी अट आली. नोव्हेंबर २०२५मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही पन्नासचाच आकडा आहे. ऊसतोडणीवाल्यांना यातले काही लागू करायचे म्हटले की साखर कारखाना म्हणतो, टोळी मुकादमाची, ही माणसे आमची नाहीत. ऊस आमचा, साखर आमची, तोडणारी मात्र परकी!

देणगीदार संस्थेला आम्ही कळवले आहे की झोळ्या वाटण्याचे काम मंडळ करणार नाही. तेवढ्याच पैशात एका कारखान्याच्या तळावर हंगामभर पाळणाघर चालवावे, तिथे टोळीतल्याच दोन बायका पूर्ण मजुरीवर असाव्यात, आणि हा खर्च पुढच्या हंगामापासून कारखान्याने उचलावा यासाठी आपण मिळून भांडावे. ज्यांना गावच्या वाटेवर किंवा दवाखान्यात मूल न्यायला झोळी हवी असेल, त्यांना ती जरूर मिळावी, आणि घेताना नवऱ्याच्या मापालाही लावून पाहावी. संस्थेचे उत्तर अजून आलेले नाही.

टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात. त्याआधी प्रत्येक गटाने आपल्या गावातून जाणारी सहा वर्षांखालची मुले किती, त्यांना सांभाळायला सोबत जाणाऱ्या मुली किती आणि त्यांची नावे शाळेच्या कोणत्या इयत्तेत आहेत, एवढी यादी करून मंडळाकडे पाठवावी. कोणत्या मुकादमाची टोळी कोणत्या कारखान्याला जाते, तेही त्यात लिहावे. साखर आयुक्तांकडे जाताना ती यादी हातात हवी.