पैसे मिळाले म्हणून सुटका नाही

वडिलांची प्रीमियर पद्मिनी मी गेल्या वर्षी नाशिकच्या एका हौशी तरुणाला विकली. पैसे मोजून झाल्यावर मध्यस्थ म्हणाला, "आता विसरून जा, साहेब." मला हे अजिबात मान्य नाही.

कायद्यालाही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात गाडी विकली, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते. त्यासाठीच फॉर्म २९. गाडी पुढे कितीही हातांतून गेली, तरी नोंदणी ज्याच्या नावावर तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून मोकळे होणाऱ्यांनी तो निकाल वाचावाच.

पण कागदपत्रे ही निम्मीच बाब. कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी. चारही चाकांना ड्रम ब्रेक, गिअर स्टिअरिंगपाशी. आजच्या गाडीची सवय असलेल्या पोराने ब्रेक किती आधी दाबायचा, हे त्याला कोण सांगणार? मीच शेजारी बसून सांगितले. मॅट उचलून खालचा गंजलेला पत्रा दाखवला, किंमत त्यामुळे उतरली, उतरू दे. 'आहे तशी विकली' असे लिहून घेतल्याने ठाऊक असलेला दोष मुद्दाम झाकायची मुभा मिळत नाही; करार कायद्याच्या लेखी ती फसवणूकच आहे.

कार्ब्युरेटर रुसला की त्याचा अजून फोन येतो. जुनी गाडी विकणाऱ्याने निदान वर्षभर तरी असे फोन उचललेच पाहिजेत.