संमतिपत्र मराठीत, मग निष्कर्ष का नाहीत?

मा. कुलगुरू,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक



मी अवसरी खुर्दचा, तालुका आंबेगाव. आमच्या भागात वैद्यकीयची मुलं पाहणीला येतात. गळ्यात ओळखपत्र, हातात फॉर्मचा गठ्ठा. ओट्यावर बसून रक्तदाब मोजतात, ‘आजी, स्वयंपाक चुलीवर की गॅसवर?’ विचारतात, संमतिपत्र मराठीत वाचून दाखवतात, अंगठा घेतात. पोरं गुणी असतात, चहाही नको-नको म्हणत घेतात. त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

पुढे त्या माहितीवर कुणाचा तरी एमडीचा थिसिस होतो, जमलं तर पेपर छापून येतो. पण गावात बीपी किती जणांना निघालं, हे त्या आजीला कळत नाही. आशाताईला नाही, सरपंचांनाही नाही.

मग पेपर लिहायचा कुणासाठी? बढतीला ठरावीक संख्येनं पेपर लागतात, म्हणून पैसे घेऊन छापून देणारी दुकानंही निघाली. संशोधक भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये त्यांचं बिंग फोडलं. विद्यापीठांनी सुचवलेली आणि यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीत बसलेली १००९ जर्नलं त्यांनी तपासली, तर ८८ टक्क्यांहून अधिक निकषांत बसेनात. ती सगळ्याच विषयांची होती, फक्त वैद्यकाची नव्हे. पण रोग तोच. पैसे न घेता जर्नल चालवता येतं, हे मुंबईच्या केईएमनं १९५५ पासून ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ काढून दाखवलंय.

आणि डॉ. हिंमतराव बावस्कर? महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात विंचूदंशाचे रुग्ण बघताना त्यांनी नोंदी ठेवल्या, १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’नं त्या छापल्या. पुढे त्यांनी विंचूदंशावर वापरलेली प्राझोसिनची गोळी त्याच कोकणातल्या माणसांच्या कामी आली. लिहिलेलं जिथून आलं, तिथं परत गेलं.

आमच्याकडे ऊस आहे, म्हणजे घोणसही आहे. शेतीला रात्रीची लाइट, त्यात पाणी धरायला गेलेल्या माणसाला साप चावतो. दंशानंतर आपल्याकडची माणसं दवाखान्यात किती तासांनी पोचतात, वाटेत कुठं वेळ घालवतात, हे एखाद्या थिसिसमध्ये असेल, तर ते आधी उसाच्या बांधावर कळायला हवं. परीक्षकांनी नंतर वाचलं तरी चालेल.

बढतीचे नियम दिल्लीचे, ते तुमच्या हातात नाहीत. थिसिस मात्र तुमच्याकडे जमा होतो. ज्या गावातून माहिती घेतली, तिथल्या ग्रामपंचायतीला आणि आरोग्य उपकेंद्राला निष्कर्षांचं दोन पानी मराठी टिपण दिल्याची पोच जोडल्याशिवाय तो स्वीकारू नका. टिपणात कुणाचं नाव नको, आकडे आणि काय करायचं ते पुरे. शोधनिबंध इंग्रजीत छापा, खुशाल छापा.

टिपण वाचायला ग्रामसभा आहेच. शंका विचारायला लोक उभे राहतील, तेव्हा थिसिस लिहिणाऱ्या डॉक्टरला सोबत पाठवलंत तर बरं.

आपला,
अवसरी खुर्दचा एक ग्रामस्थ