चित्राचा पर्यायी मजकूर हे संपादनाचेच काम

संकेतस्थळावरील चित्र ज्याला दिसत नाही, त्याच्यापर्यंत त्या चित्राचे प्रयोजन शब्दांनी पोहोचावे, अशी सोय एचटीएमएल या वेबपानांच्या भाषेत १९९५ सालच्या दुसऱ्या आवृत्तीपासून आहे. या शब्दांना ‘पर्यायी मजकूर’ म्हणतात. डोळस वाचकाला तो एरवी दिसत नाही; मात्र पडद्यावरील अक्षरे वाचून दाखवणारी प्रणाली, म्हणजेच ‘स्क्रीन रीडर’, चित्रापाशी आल्यावर तो मोठ्याने उच्चारते. मजकूर लिहिलेलाच नसेल तर ती केवळ ‘चित्र’ एवढे सांगून पुढे जाते किंवा फाइलच्या नावातील निरर्थक अक्षरे आणि आकडे वाचत बसते. मराठी संकेतस्थळांवर या मजकुराची जी उपेक्षा होते, तिच्यामागे आळसाइतकेच काही गैरसमजही आहेत आणि ते युक्तिवादाच्या रूपात मांडले जात असल्याने त्यांचा परामर्श घेणे आवश्यक ठरते.

पहिला आक्षेप असा की, ज्याला दिसत नाही त्याला चित्राशी कर्तव्यच काय? २०११ च्या जनगणनेत भारतातील दृष्टिबाधितांची संख्या पन्नास लाखांहून अधिक नोंदली गेली. त्यांतील कित्येकांना अंधुक दिसते, तर कित्येकांची दृष्टी प्रौढपणी गेली असून रंग, चेहरे आणि देखावे त्यांच्या स्मरणात आहेत. पण हा आक्षेप टिकत नाही तो मुख्यतः दुसऱ्याच कारणाने. संकेतस्थळावर चित्र म्हणून जे चढवले जाते, त्यातील बराच भाग मुळात अक्षरांचाच असतो. व्याख्यानाची निमंत्रणपत्रिका, परीक्षेचे वेळापत्रक, पाणीपुरवठा बंद राहण्याची सूचना किंवा निविदेची जाहिरात जेव्हा जेपीजी चित्राच्या रूपात प्रसिद्ध होते, तेव्हा अंध नागरिकाला नाकारली जाते ती तारीख, वेळ आणि हक्काची माहिती. शोधासाठी दिलेले भिंगाचे चिन्हही चित्रच असते. त्याला ‘शोधा’ असा मजकूर नसेल तर ते बटण त्या वाचकापुरते अस्तित्वातच नसते.

दुसरा आक्षेप अधिक विचारी आहे. चित्र ही स्वतंत्र भाषा असून तिचे शब्दांत रूपांतर करताना रेषा, रंग आणि रचना यांचा अनुभव नष्ट होतो, असे कलाभ्यासक म्हणतात आणि तेवढ्यापुरते ते खरेही आहे. तथापि पर्यायी मजकुराकडून चित्राच्या अनुभवाची अपेक्षाच नसते. ते चित्र त्या ठिकाणी जे काम करते, तेवढे काम त्याने करावयाचे असते. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाचे चित्र पर्यटनविषयक पानावर असेल, तर ‘अजिंठा, लेणे क्रमांक १ मधील पद्मपाणीचे भित्तिचित्र’ एवढे पुरेसे आहे. तेच चित्र देहबोलीची चर्चा करणाऱ्या लेखात असेल, तर त्रिभंगात किंचित झुकलेले शरीर, हातातील कमळ आणि खाली वळलेली दृष्टी यांचा उल्लेख हवा; संवर्धनविषयक लेखात मात्र रंगाचे पोपडे कोठे गळाले आहेत, हेच सांगावे लागेल. चित्र एकच असूनही मजकूर तीन होतात. शब्दांच्या सामर्थ्याविषयी मराठी माणसाने तरी शंका घेऊ नये, कारण बाळ ज. पंडित यांच्या आकाशवाणीवरील समालोचनातून कधीही न पाहिलेल्या मैदानावरचा सामना त्याने समरसून अनुभवलेला आहे.

पद्मपाणीच्याच उदाहरणातून तिसऱ्या, आज सर्वांत प्रबळ असलेल्या आक्षेपाचे उत्तर मिळते. कृत्रिम बुद्धिमत्ता चित्राचे वर्णन आपोआप करते, मग माणसाने ते का लिहावे, असे विचारले जाते. फेसबुकने २०१६ मध्ये असे स्वयंचलित वर्णन सुरू केले आणि त्यानंतर या तंत्राची प्रगती थक्क करणारी आहे. ज्या खाजगी छायाचित्रांना कोणीच मजकूर लिहिणार नाही, तेथे ते उपकारकच ठरते. परंतु चित्रात काय आहे हे ओळखणे वेगळे आणि ते येथे कशासाठी आहे हे जाणणे वेगळे. चित्र निवडताना लेखकाच्या मनात असलेला हेतू यंत्राला त्या चित्रात सापडणार नाही. यंत्राने मसुदा द्यावा, पण तो तपासून, कमीअधिक करून स्वीकारण्याची जबाबदारी निवड करणाऱ्याचीच राहते. शोधयंत्रात पान वर यावे म्हणून या जागेत शोधशब्द कोंबणारे तर तिचा सरळ दुरुपयोग करतात.

चांगल्या मजकुराची लक्षणे फारशी गूढ नाहीत. तो नेमका असावा. ‘या चित्रात’ अशी सुरुवात नको, कारण ते प्रणाली सांगतेच. चित्राखालच्या ओळीची पुनरुक्ती नको. आलेख असेल तर त्याचा निष्कर्ष येथे द्यावा आणि आकडे पानावर तक्त्यात द्यावेत. निव्वळ शोभेच्या वेलबुट्टीसाठी ही जागा जाणीवपूर्वक रिकामी नोंदवावी, म्हणजे प्रणाली तिच्यावरून निमूट पुढे जाते. जागा मुद्दाम रिकामी ठेवणे आणि तिची नोंदच नसणे यांत म्हणूनच मोठा फरक आहे. मराठी मजकूर देवनागरीतच लिहावा आणि पानाची भाषा मराठी असल्याची नोंद करावी, कारण त्या नोंदीवरूनच प्रणाली आवाज निवडते आणि रोमन लिपीतील मराठी इंग्रजी आवाजात ओळखूही येत नाही.

हे सारे ऐच्छिक सौजन्य आहे, हा समजही सोडावा लागेल. वेबपानांच्या सुगम्यतेची, म्हणजे ती सर्वांना वापरता यावीत यासाठीची, पहिली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्यांची सुरुवातच पर्यायी मजकुराने होते. सिडनी ऑलिंपिकच्या संकेतस्थळावर हा मजकूर नसल्याची तक्रार ब्रूस मॅग्वायर या अंध नागरिकाने केली, तेव्हा हे काम अवाजवी बोजाचे आहे हा आयोजकांचा बचाव ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाने २००० मध्ये फेटाळला आणि आदेशाचे पूर्ण पालन न झाल्याने पुढे २०,००० डॉलरची भरपाई द्यावयास लावली. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ ने इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील आशय सुगम असण्याचा आग्रह धरला आहे, तर ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आहे.

म्हणून हे काम प्रकाशनानंतर तंत्रज्ञाच्या माथी मारले जाऊ नये. मराठी संपादकांनी चित्रासोबतच त्याचा पर्यायी मजकूर लेखकाकडून मागून घ्यावा आणि तो येईपर्यंत चित्र प्रसिद्ध करू नये.