गाळ, चोथा आणि आपलं इंजिनिअरिंग

शीर्षक वाचून हा लेख मेसच्या चहाबद्दल असेल असं कोणाला वाटलं, तर ते अगदीच चूक नाही. चहा पुढे येतोच. पण सुरुवात बिअरपासून आहे! (वॉर्डन सरांनी कृपया लेख शेवटपर्यंत वाचावा.)

परदेशात कितीतरी लोक हौसेनं घरी बिअर बनवतात. बार्लीला मोड आणून, वाळवून, भरडून गरम पाण्यात ठेवायची, म्हणजे पाण्यात साखर उतरते. ह्या गोड काढ्याला 'वर्ट' म्हणतात. तो हॉप्सच्या फुलांबरोबर तासभर उकळायचा, थंड करायचा आणि यीस्ट घालायचं. ह्या मंडळींमध्ये एक न संपणारा वाद आहे : यीस्ट घालण्याआधी वर्ट गाळायचा की नाही?

दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं आहे. उकळल्यावर वर्टमध्ये प्रोटीनच्या गुठळ्या आणि हॉप्सचा चोथा राहतो. तो सगळा तसाच ठेवला तर बिअर गढूळ होते, चवही बिघडते. पण काढा काचेसारखा स्वच्छ केला तरी यीस्ट रुसतं, कारण त्याला वाढायला लागणारे थोडे स्निग्ध पदार्थ आणि झिंक ह्या गाळातूनच मिळतात. म्हणजे चोथा काढायचा, गाळाचा अंश राहू द्यायचा. शिवाय थंड झाल्यावर गाळायचं असेल तर गाळणी आधी उकळून घ्यायची, कारण पुढे जंतू मारणारी उष्णता कुठेच नाही.

कारखान्यांत तर बऱ्याचदा जाळी वापरतच नाहीत. वर्ट गोल फिरवतात आणि गाळ आपोआप तळाच्या मध्यभागी गोळा होतो. मेसच्या चहात चमचा फिरवून बघा, चहाची पत्ती कडेला न जाता मध्येच जमते. असं का होतं हे १९२६ मध्ये आइन्स्टाइननं समजावून सांगितलं होतं. आपण फ्लुइड मेकॅनिक्स पाठ करतो, पण कपात बघत नाही!

आता हॉस्टेलवासीयांनो, उत्साह आवरा. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे लायसन्सशिवाय असं काही बनवणं गुन्हा आहे, आणि माझं सांगणं ते नाहीच. मला ह्या विषयात 'रस' आहे तो मसुऱ्यामुळे.

मसुरे हे मालवण तालुक्यातलं माझ्या आजीचं गाव. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेमुळे मसुरं बऱ्याच जणांना माहीत असेल. जत्रेच्या आगेमागे काजूचा हंगाम सुरू होतो. बी काढून घेतात आणि बीच्या पाच ते दहापट वजनाचा बोंडू झाडाखालीच कुजतो. आजी म्हणते, "बी गावली म्हणजे झाला!" मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे फडक्यावर राहतो तो चोथा आणि तळाशी बसतो तो गाळ, हा फरक मला तिनंच कोकमाचं आगळ गाळताना शिकवला. इंग्लिशमध्ये मी दोन्हीला 'वेस्ट' म्हणून मोकळी झाले असते.

सीमेपलीकडे गोव्यात ह्याच बोंडूची फेणी होते. २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. पण फेणीत रस आंबवून मग भट्टीत उकळतात. वाफ पुढे जाते, गाळ मागे राहतो. सरबत, शिरका किंवा वाइन करायची तर गाळ थेट ग्लासात येतो. आणि बोंडूत घसा धरणारं टॅनिन असतं. ते रसात विरघळलेलं, त्यामुळे फडक्यातून सरळ निघून जातं. त्यावर उपाय आपल्या स्वयंपाकघरातलाच आहे : लिटरला सुमारे ५ ग्रॅम साबुदाणा शिजवून त्याची खळ रसात ढवळायची. टॅनिन तिला धरून खाली बसतं आणि वरची निवळ ओतून घेता येते.

अडचण वेळेची आहे. निवळायला रात्र जाते. बोंडूच्या सालीवर यीस्ट आधीपासूनच असतं, आणि कोकणातल्या उकाड्यात तेवढ्या वेळात रस फसफसायला लागतो. झटपट फडक्यानं गाळावं तर रसातल्या पेक्टिननं भोकं बुजतात. म्हणजे शर्यत लागली : आधी गाळणं की आधी आंबणं? हा शंभर टक्के आपला सिलॅबस आहे!

आपण लॅबमध्ये फिल्टर प्रेसवर काय गाळतो? चॉकपावडरचं पाणी! दरवर्षी तेच पाणी, तीच रीडिंग्ज, सीनियरच्या जर्नलमधून उतरवलेली. (सर, सगळ्यांना माहीत आहे.)

कोणी म्हणेल, हे कृषी विद्यापीठाचं काम. त्यांनी त्यांचं काम केलंय. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानं 'वेंगुर्ला-४', 'वेंगुर्ला-७' अशा काजूच्या जाती दिल्या. पण वाडीतल्या छोट्या बागायतदाराला परवडेल, हातानं चालेल आणि रोज धुता येईल असं गाळण्याचं यंत्र करणं हे मेकॅनिकल आणि केमिकलवाल्यांचं काम आहे. रस किती निवळला हे सांगणारा साधा प्रकाशाचा सेन्सर इलेक्ट्रॉनिक्सवाले सबमिशनच्या आदल्या रात्रीत जोडतील.

दुसरा आक्षेप, ह्यानं दारूला उत्तेजन मिळेल. पण गाळणं यीस्टच्या आधी येतं. पुढे त्या रसाचं सरबत करायचं, शिरका करायचा की लायसन्स घेऊन वाइन, हे मालक आणि कायदा ठरवतील. आज ठरवायलाच काही उरत नाही, कारण रस जमिनीत जिरतो.

म्हणून स्टाफला एक विनंती. रस इथपर्यंत आणायचा म्हटलं तर वाटेतच फसफसेल. तेव्हा येत्या हंगामात फायनल इयरच्या एका ग्रुपला छोटा फिल्टर घेऊन चार दिवस कोकणातल्या एखाद्या वाडीत पाठवा. मसुऱ्यात राहायची आणि जेवायची सोय माझ्याकडे लागली! रीडिंग्ज चुकतील, फडकी बुजतील, हात चिकट होतील. पण ती रीडिंग्ज आपली असतील, आणि पुढच्या वर्षीच्या ज्युनियरना त्यात उतरवण्यासारखं खरंच काहीतरी सापडेल.

— तृतीय वर्ष, केमिकल