हायड्रोजनची वाट स्फटिकाच्या पैलूंतून

प्रकाशाच्या बळावर पाण्यातून हायड्रोजन वेगळा करता येतो, हे अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी १९७२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइड वापरून जगापुढे मांडले. तेव्हापासून ‘पदार्थ कोणता वापरावा’ याचीच चर्चा अधिक झाली. पण त्या पदार्थाच्या स्फटिकाचे कोणते पैलू पाण्याला भिडतात, हा प्रश्नही तितकाच निर्णायक आहे.

प्रकाश पडला की स्फटिकात इलेक्ट्रॉन सुटतो आणि मागे धनभारित पोकळी उरते. दोघे पुन्हा एकत्र आले की ऊर्जा वाया जाते. प्रत्येक पैलूवर अणूंची मांडणी वेगळी असल्याने ऊर्जेची पातळीही किंचित निराळी असते. घाटमाथ्यावरचे पाणी उतार पाहून दोन खोऱ्यांत वाटले जावे, तसे इलेक्ट्रॉन एका पैलूकडे आणि पोकळ्या दुसऱ्याकडे जातात.

जपानमध्ये काझुनारी डोमेन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये हेच साधले. ॲल्युमिनियम मिसळलेल्या स्ट्रॉन्शियम टायटॅनेटच्या कणांवर, इलेक्ट्रॉन येणाऱ्या पैलूंवर ऱ्होडियम-क्रोमियमचे आणि पोकळ्या येणाऱ्या पैलूंवर कोबाल्टचे उत्प्रेरक प्रकाशाच्याच साहाय्याने बसवले. ३५० ते ३६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात क्वांटम कार्यक्षमता, म्हणजे पडलेल्या प्रकाशकणांपैकी कामी आलेल्यांचे प्रमाण, ९६ टक्क्यांपर्यंत पोचली.

हा प्रकाश मात्र अतिनील. उन्हात त्याचा वाटा अगदी थोडा. म्हणूनच २०२१ मध्ये याच प्रकारच्या कणांची १०० चौरस मीटरची पटले उघड्यावर उभारली, तेव्हा सौरऊर्जेचा जास्तीत जास्त ०.७६ टक्का भाग हायड्रोजनमध्ये उतरला. आता आव्हान आहे ते दृश्य प्रकाश शोषणाऱ्या पदार्थांत इतकेच नेटके पैलू घडवण्याचे.

ते काम अनुदान देऊन वर्षभरात उरकत नाही. तापमान, द्रावण, अशुद्धी यांचा वर्षानुवर्षे अभ्यास करावा लागतो. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या आपल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाच्या १९,७४४ कोटी रुपयांपैकी १७,४९० कोटी उत्पादन आणि इलेक्ट्रोलायझर (विजेने पाण्याचे विघटन करणारी यंत्रे) निर्मितीच्या प्रोत्साहनासाठी आहेत. संशोधनाला मिळाले ४०० कोटी, म्हणजे जेमतेम दोन टक्के. कारखाने हवेतच. पण उद्याचे तंत्रज्ञान विकत घ्यायचे नसेल, तर स्फटिक वाढवणाऱ्या आणि त्यांचे पृष्ठभाग अभ्यासणाऱ्या प्रयोगशाळांना दहा-दहा वर्षांच्या निधीची हमी द्यायला हवी आणि संशोधनाचा हा वाटा वाढवायला हवा.