नव्या शाळेखालची जमीन सुरक्षित आहे का? ॲप सांगणार नाही, हा रिपोर्ट सांगेल

जुलै २०२४ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने म्हणजेच जीएसआयने 'भूसंकेत' पोर्टल आणि 'भूस्खलन' ॲप आणलं. दरडीचा धोका आता मोबाईलवर बघता येतो, ही चांगलीच गोष्ट आहे. पण "मग आमच्या गावातली नवी शाळा योग्य जागी आहे का, हेपण त्यातच कळेल ना?" असं कोणी विचारलं, तर माझं उत्तर 'नाही' असंच आहे.

झूम करून का कळत नाही?

जीएसआयने देशभरासाठी केलेले दरडप्रवण भागाचे नकाशे १:५०,००० प्रमाणाचे आहेत. म्हणजे नकाशावरचा १ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. २५ मीटर लांबीची शाळा त्यात अर्धा मिलिमीटर होते! स्क्रीनवर कितीही झूम करा, मुळात नसलेला डेटा येणार कुठून? असा नकाशा परिसराचा धोका सांगतो. पायाखाली काय आहे, हे तिथे बोअर घेतल्यावरच कळतं.

टेस्ट कशी होते?

बोअरमध्ये एक पोकळ नळी उतरवतात आणि ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटीमीटरवरून तिच्यावर पाडत राहतात. नळी एकूण ४५ सेंटीमीटर आत जाऊ देतात. पहिले १५ सोडून पुढच्या ३० सेंटीमीटरला किती ठोके लागले, तो आकडा म्हणजे 'एन व्हॅल्यू'. वाळूत ४ पेक्षा कमी ठोके म्हणजे अगदी सैल थर, ५० च्या वर म्हणजे घट्ट. नळीत आलेली माती लॅबमध्ये जाते.

बोअर किती घ्यायचे? १९७९ च्या आयएस १८९२ मानकात साधारण एक एकरावरच्या इमारतीसाठी चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक, असं सांगितलं होतं. लहान इमारतीला मध्ये एक.

मग अडतं कुठे?

अंगणवाडी, शाळा, आरोग्य उपकेंद्र यांचे 'टाइप प्लॅन' असतात. प्लॅन एकच, पण जमीन प्रत्येक गावात वेगळी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि एकमजली हलक्या इमारतीच्या भिंतींना तडे पाडते. मुरमावर चालणारा पाया तिथे चालत नाही.

डोंगरात प्रश्न आणखी गंभीर होतो. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं, दीडशेहून अधिक माणसं गेली. जवळच आमडे इथे सरकारने नवं गाव वसवलं आणि एप्रिल २०१७ मध्ये ते लोकांच्या ताब्यात दिलं. त्याच जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात तिथे भराव खचला, जमिनीला भेगा पडल्या. दरडीतून वाचलेली माणसं पुन्हा घाबरली. यातून मला एक गोष्ट दिसते. मूळ जमीन तपासणं पुरत नाही, आपण कापलेला उतार आणि टाकलेला भरावही तपासावा लागतो.

माझ्या कोडमध्ये बग निघाला तर रात्रीत अपडेट देता येतो. भरलेल्या वर्गाखालचा पाया असा बदलता येत नाही.

आपण काय करू शकतो?

गावात सरकारी इमारतीचं काम निघालं, की माहिती अधिकारात अर्ज करा. राज्य सरकारच्या आरटीआय पोर्टलवर तो मोबाईलवरूनही होतो. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज सार्वजनिक बांधकाम विभागाकडे की जिल्हा परिषदेकडे, हे कामाच्या फलकावरून कळेल. एवढंच मागा:

- माती तपासणीचा पूर्ण रिपोर्ट आणि त्याची तारीख
- बोअर कुठे आणि किती खोल घेतले, त्याचा नकाशा
- प्रत्येक बोअरमधल्या एन व्हॅल्यू
- भराव टाकला असेल, तर तो नीट दाबल्याच्या चाचणीचे आकडे

रिपोर्टची तारीख पायाच्या डिझाइननंतरची असेल, तर डिझाइन कशाच्या आधारावर झालं, हे नक्की विचारा. खरं तर हा रिपोर्ट टेंडरसोबतच ऑनलाइन यायला हवा. तोपर्यंत अर्ज पायाचं काँक्रीट पडण्याआधी करा, नंतर त्या रिपोर्टचा फारसा उपयोग नाही.